तैनातीच्या काळात गाणे आणि वही: फील्डवरील जवानासाठी सविस्तर मार्गदर्शन

सियाचीन, पूर्व लडाख, काश्मीरमधील नियंत्रण रेषा किंवा ईशान्येकडील एखादे दूरचे ठाणे येथे तैनात असलेल्या जवानाला मोकळा वेळ मिळतच नाही, असा समज नागरी जीवनात सर्रास आढळतो आणि तो अर्धाच खरा आहे. फील्डवरील दिवसाचा बराच भाग वाट पाहण्यात जातो. गाड्यांचा ताफा सुटण्याची, हवामान उघडण्याची, हेलिकॉप्टर येण्याची, पाळी बदलण्याची, लंगरमध्ये जेवण तयार होण्याची वाट पाहावी लागते. वेळ असतो, पण तो तुकड्यातुकड्यांनी येतो आणि कोणता तुकडा केव्हा तुटेल याचा भरवसा नसतो. सलग दोन तास मिळाले की रियाझाला बसू किंवा लेख लिहायला घेऊ, असे ठरवणाऱ्याचा सगळा कार्यकाळ वाद्याला हात न लावता निघून जातो. म्हणून या लेखात वेळ काढण्याच्या युक्त्यांपेक्षा, गाण्याचे आणि लेखनाचे काम दहा-पंधरा मिनिटांत मावेल अशा आकाराचे कसे करावे, यावर भर दिला आहे.

लेख मुख्यतः भूसेनेतील मराठी जवानांना आणि तरुण अधिकाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. नौदलातील वाचकांना यातील पुष्कळसे लागू पडेल, मात्र जहाजावरील दिवस चार-चार तासांच्या वॉचमध्ये (पाळ्यांमध्ये) विभागलेला असतो आणि संध्याकाळी चार ते आठ या वेळेत दोन-दोन तासांचे छोटे वॉच येतात, त्यामुळे मोकळा तास रोज पुढे सरकतो. तेथे घड्याळाऐवजी ‘वॉच सुटल्यावर पहिला चहा झाला की’ अशी खूण धरणे जास्त सोयीचे ठरते.

पहिली पायरी: आपली तैनाती ओळखणे

फील्ड म्हणजे सगळीकडे सारखेच जीवन नव्हे. उंचावरच्या चौकीत थंडी आणि विरळ हवा हे मुख्य अडथळे असतात, पण बर्फवृष्टीमुळे हालचाल थांबली की लागोपाठ दिवस बंकरमध्ये बसून काढावे लागतात. दहशतवादविरोधी कामगिरीवरील तुकडीत याच्या उलट परिस्थिती असते: हवामान सुसह्य, पण रोड ओपनिंग पार्टी (रस्ता तपासून मोकळा करण्याचे काम), नाका, घेराबंदी आणि क्यूआरटी (तातडीने धावून जाणारी तुकडी) यांमुळे पुढच्या तासाचीही खात्री देता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत, म्हणजे दक्षिण सुदान, काँगो किंवा लेबनॉनसारख्या ठिकाणी, वीज आणि वेळापत्रक तुलनेने नियमित असते, तरी उष्णता आणि दमटपणा वाद्यांना सोसत नाही. आपण यांपैकी कुठे आहोत हे आधी पाहावे, कारण मित्राच्या यशस्वी दिनक्रमाची नक्कल दुसऱ्या प्रकारच्या तैनातीत बहुधा फसते.

उंचावर जाणाऱ्यांसाठी एक वेगळी नोंद आवश्यक आहे. ९,००० फुटांच्या वर जाताना सैन्यात हवामानाशी जुळवून घेण्याचे ठरावीक टप्पे पाळले जातात. ९,००० ते १२,००० फुटांदरम्यान ६ दिवस, १२,००० ते १५,००० फुटांदरम्यान आणखी ४ दिवस आणि त्याहून वर पुन्हा ४ दिवस, असा हा क्रम असतो आणि पहिल्या टप्प्यातील पहिले २ दिवस जवळजवळ पूर्ण विश्रांतीचे असतात. हे दिवस लेखनासाठी फार चांगले असतात आणि गाण्यासाठी अगदी वाईट. बासरी फुंकणे, माउथ ऑर्गन वाजवणे किंवा लांब ताना घेणे या काळात कटाक्षाने टाळावे. डोकेदुखी, मळमळ किंवा चक्कर जाणवू लागली तर वही मिटून थेट वैद्यकीय कक्षाकडे जावे. उंचीच्या आजाराची ही पहिली लक्षणे ‘थकवा असेल’ म्हणून अंगावर काढणारे लोक प्रत्येक तुकडीत असतात आणि ते स्वतःबरोबर सोबत्यांनाही अडचणीत आणतात.

नव्या ठाण्यावर पोहोचल्यावर पहिला आठवडा काहीही ठरवू नये, फक्त पाहावे. दिवसातील कोणत्या जागा रोज रिकाम्या राहतात याचा अंदाज घेऊन त्या घड्याळाच्या वेळेने न लिहिता ‘सकाळच्या चहानंतर’, ‘ट्रूप गेमनंतर (सांघिक खेळांनंतर) अंघोळीची रांग’, ‘रोल कॉलनंतर’ अशा शब्दांत लक्षात ठेवाव्यात. पाळ्यांच्या वेळा कागदावर उतरवणे सुरक्षेच्या दृष्टीने चुकीचे आहेच, शिवाय त्या बदलतात; चहा मात्र सहसा चुकत नाही. अशा जागांपैकी दोनच निवडाव्यात, एक गाण्यासाठी आणि एक लेखनासाठी. पाच जागा निवडणारा उत्साही माणूस पंधरवड्यात सगळ्याच सोडून देतो.

संत्री ड्यूटी दोन तास आणि मग चार तास आराम, असे चक्र जिथे असते तिथे त्या चार तासांचा मोह पडतो. माझे मत स्पष्ट आहे: ते चार तास झोपेचे आहेत. फार तर पाळीवरून उतरल्यावर हात शेकताना, चहा पिताना जी दहा मिनिटे जातात, तेवढीच वहीला द्यावीत. झोप विकून केलेला रियाझ दुसऱ्या दिवशी हत्याराच्या हाताळणीत महागात पडतो. आणि पहाऱ्यावर उभे असताना कानात इयरफोन घालणे किंवा मनातल्या मनात ओळी जुळवत राहणे, हे दोन्ही सारखेच अक्षम्य आहेत. ओळी जुळवायला लंगरमध्ये बटाटे सोलण्याचे काम आहे, पाणी भरण्याची रांग आहे, ट्रांझिट कॅम्पमधील न संपणारा दिवस आहे.

दुसरी पायरी: नियम समजून घेणे

हा भाग रूक्ष वाटला तरी वगळू नये. सैनिकाच्या खासगी लेखनावर सरसकट बंदी नाही, पण प्रकाशनावर निश्चित मर्यादा आहेत. आर्मी रूल्स, १९५४ मधील नियम २१ प्रमाणे राजकीय प्रश्नावर, सेवेशी संबंधित विषयावर किंवा सेवेविषयीची माहिती असलेले काहीही, केंद्र सरकारच्या किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. यात पुस्तक, लेख आणि पत्र यांचा स्पष्ट उल्लेख आहे. याखेरीज १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम सर्वांनाच लागू आहे. समाजमाध्यमांबाबतचे आदेश वेळोवेळी बदलतात. जुलै २०२० मध्ये भूसेनेने आपल्या कर्मचाऱ्यांना फेसबुक आणि इन्स्टाग्रामसह ८९ ॲप्स फोनमधून काढून टाकण्यास सांगितले होते. त्यामुळे सध्याचा आदेश काय आहे, हे मित्राकडून न ऐकता आपल्या कंपनीच्या सीनियर जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) साहेबांकडून किंवा ॲडज्युटंटच्या (युनिटचे प्रशासन पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कार्यालयातून विचारून घ्यावे.

तिथेच आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: या ठाण्यावर वैयक्तिक डायरी ठेवता येते का, स्मार्टफोन किंवा ध्वनिमुद्रक नेता येतो का, आणि वाद्य कोणत्या वेळेत व कोणत्या जागी वाजवता येते. ‘साहेब, संध्याकाळी अर्धा तास मंदिरात पेटी वाजवली तर चालेल का,’ असे सरळ विचारणाऱ्याला नकार क्वचितच मिळतो. न विचारता सुरू केलेली गोष्ट मात्र पहिल्याच तक्रारीला कायमची बंद होते.

तिसरी पायरी: काय न्यावे

सामानाच्या काळ्या पेटीत आणि पिट्ठूत (पाठीवरच्या पिशवीत) जागा आणि वजन दोन्ही मोजके असतात. पेटी तळावर राहते आणि पिट्ठू चौकीपर्यंत जातो, म्हणून साहित्याचीही तशीच विभागणी करावी.

वाद्यांपैकी चौकीपर्यंत नेण्यासाठी दहा छिद्रांचा माउथ ऑर्गन सर्वांत सोयीचा आहे. त्याची लांबी सुमारे १० सेंटिमीटर असते आणि तो आतल्या खिशात मावतो. गोठणबिंदूखालच्या तापमानात मात्र तो थंड असताना ओठांना लावू नये, कारण धातूला त्वचा चिकटते आणि श्वासातील ओलावा पट्ट्यांवर गोठून सूर बंद पडतात. वाजवण्यापूर्वी तो अंगाच्या उबेत ठेवावा आणि वाजवून झाल्यावर छिद्रे खाली करून तळहातावर आपटून ओलावा काढून टाकावा. बासरी हलकी असली तरी कोरड्या थंड हवेत बांबूला चिरा जातात. दोन्ही टोकांना आणि मध्ये घट्ट दोरा गुंडाळून, कापडात लपेटून ती न्यावी आणि बुखारीजवळ (खोली गरम करण्याच्या शेगडीजवळ) कधीही वाळत ठेवू नये. अचानक मिळणारी कोरडी उष्णता थंडीपेक्षाही जास्त नुकसान करते. थंडीतून उबदार जागेत वाद्य आणताना ते प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवून हळूहळू गरम होऊ द्यावे, म्हणजे बाष्प वाद्यावर न जमता पिशवीवर जमते. तबला, ढोलकी, गिटार यांसाठी चौकी ही जागा नाही. ती तळावर ठेवावीत किंवा युनिटच्या मंदिरातील वाद्यांवर भागवावे.

लेखनासाठी फाउंटन पेन आणि जेल पेन घरीच ठेवावेत. थंडीत शाई घट्ट होते, हवेचा दाब बदलला की फाउंटन पेन गळतो आणि ओल लागली की अक्षर फुटते. शिसपेन्सिल या तिन्ही संकटांतून सुटते. दोन पेन्सिली, एक छोटे टोकयंत्र, खिशात मावेल अशी शिवलेल्या बांधणीची वही आणि ती ठेवायला झिप असलेली प्लास्टिकची पिशवी एवढे पुरेसे आहे. पाने फाडता येणारी स्पायरल वही टाळावी, कारण एक सुटे पान हरवले तरी डोक्याला ताप होतो.

फोन नेण्यास परवानगी असेल तर तानपुऱ्याचे आणि तालाचे ॲप इंटरनेटशिवाय चालणारे असावे आणि ऐकायची गाणी निघण्यापूर्वीच उतरवून घ्यावीत. लिथियम-आयन बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते, म्हणून फोन अंगाशी ठेवावा. शून्य अंशाखाली तापमान असताना ती चार्ज केल्यास तिला कायमची इजा होते, म्हणून आधी फोन उबेत आणून मगच चार्जर लावावा. इयरफोन तारेचे असावेत. फोन विमान मोडवर, स्थानदर्शक बंद आणि आपोआप क्लाउडवर साठवण्याची सोय पूर्णपणे बंद, या तीन गोष्टी ठाण्यावर पोहोचण्यापूर्वी तपासाव्यात. आपण खासगी म्हणून ध्वनिमुद्रित केलेली आलापी सिग्नल मिळताच कुठेतरी दूरच्या सर्व्हरवर जाऊन बसते आणि तिच्या पार्श्वभूमीला वायरलेसवरील बोलणे ऐकू येते, असे होऊ शकते.

फोनवर बंदी असेल आणि परवानगी मिळत असेल तर साधा रेडिओ न्यावा. १९५७ साली सुरू झालेल्या विविध भारतीवर जवानांच्या फर्माइशींचा ‘जयमाला’ हा कार्यक्रम कित्येक दशके संध्याकाळी लागत आला आहे आणि ज्या बंकरमध्ये बाकी काही पोहोचत नाही तिथेही तो पोहोचलेला आहे.

चौथी पायरी: तुटक वेळेतील रियाझ

येथे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण बहुतेक जण गाण्याचा अर्थ आवाज करणे असाच घेतात आणि आवाज करता येत नाही म्हणून गाणे सोडून देतात. पुढच्या ठाण्यावर आवाज आणि उजेड दोन्हींवर बंधन असते. पण संगीताच्या अभ्यासाचा मोठा भाग न वाजवता होतो, आणि घरी असताना नेमका हाच भाग आपण टाळत आलेलो असतो.

पहिला प्रकार पढंतीचा, म्हणजे बोल तोंडाने म्हणण्याचा, आहे. तबला किंवा ढोलकी वाजवणाऱ्याने हाताने टाळी-खाली दाखवत बोल तोंडातल्या तोंडात म्हणावेत. तीनतालाच्या १६ मात्रांचा ठेका आधी ठाय (संथ) लयीत, मग दुप्पट, मग मूळ लयीत परत, असे समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) न चुकता येईपर्यंत करावे. घडी घातलेल्या कांबळ्यावर बोटे चालवली तर शेजारी झोपलेल्यालाही त्रास होत नाही. दहा मिनिटांत एकच कायदा (तबल्याची ठरावीक बोलरचना) किंवा लावणीच्या ठेक्याचा एकच पलटा घ्यावा आणि पूर्ण आठवडा तोच ठेवावा. बदलाची घाई करू नये.

दुसरा प्रकार स्वरलेखनाचा आहे आणि माझ्या मते फील्डसाठी याहून चांगला अभ्यास नाही. पाठ असलेला एखादा अभंग, गवळण किंवा भजनाची चाल घ्यावी आणि ती भातखंडे स्वरलिपी पद्धतीने कागदावर उतरवावी. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी स्वराखाली टिंब, तार सप्तकासाठी वर टिंब आणि एका मात्रेत येणाऱ्या स्वरांखाली कंस, एवढी चिन्हे शिकायला एक संध्याकाळ पुरते. आधी तालाच्या विभागांप्रमाणे उभ्या रेघा आखून सम आणि खाली यांची चिन्हे द्यावीत, मग शब्द लिहावेत आणि शेवटी शब्दांवर स्वर ठेवावेत. हे काम कुठेही अर्धवट सोडता येते. स्टँड-टूची (सर्वांनी शस्त्रांसह सज्ज होण्याची) हाक आली तर पेन्सिल तिथेच थांबते आणि दुसऱ्या दिवशी त्याच मात्रेपासून पुढे जाता येते. शिवाय वर्षानुवर्षे ‘येते’ असे वाटणारी चाल लिहायला घेतली की अंतऱ्यातील नेमकी कोणती जागा आपण आजवर ढकलत आलो आहोत ते उघडे पडते. सहा महिन्यांच्या कार्यकाळात पंधरवड्याला एक या गतीने दहा-बारा चाली उतरतात, आणि त्या पुढे गावच्या भजनी मंडळालाही उपयोगी पडतात.

तिसरा प्रकार गळ्याचा. तळावर असताना सकाळी पाचसात मिनिटे खर्जातील षड्ज मिटल्या तोंडाने धरावा. त्याला आवाज फारसा लागत नाही आणि गळा टिकून राहतो. उंचावर दम कमी पडतो, म्हणून नेहमीच्या निम्म्या लांबीचे स्वरसमूह घ्यावेत आणि दोन समूहांमध्ये पूर्ण श्वास भरू द्यावा. कोरड्या हवेने घसा बसतो, म्हणून कोमट पाणी घोट घोट पीत राहावे. रॉकेलच्या बुखारीचा धूर गळ्याला फार वाईट, आणि बंद बंकरमध्ये बुखारी पेटती ठेवून हवा खेळती न राहिल्यास कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो. गाणे असो वा नसो, हवा येण्याचा मार्ग मोकळा ठेवलाच पाहिजे.

बोटांबद्दल एक सूचना. हिमदंशाची किंवा थंडीने बोटे सुजण्याची सुरुवात झाली असेल तर वादन पूर्ण बंद ठेवावे. हातमोजे काढून उघड्यावर वाजवण्याची हौस एका फोटोसाठीही करू नये.

पाचवी पायरी: सोबत्यांना धरून चालणे

एकट्याच्या रियाझाला बरॅकमध्ये जागा कमी असते, पण सगळ्यांच्या गाण्याला ती नेहमी निघते. बहुतेक युनिटांत मंदिर किंवा सर्वधर्म स्थळ असते आणि तिथे पेटी, ढोलक, टाळ-मंजिरा ठेवलेले असतात. धर्मगुरू जेसीओ साहेबांना वाजवणारा माणूस हवाच असतो. रविवारच्या मंदिर परेडला ढोलकीवर बसण्याची जबाबदारी घेतली की आठवड्यातून एकदा वाद्य हाताखाली येते, त्याला अधिकृत वेळ मिळतो आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करत नाही. बडाखान्याच्या (युनिटच्या सामुदायिक मेजवानीच्या) आधी आठवडाभर तालमीसाठी वेळ मागितला तर तोही सहज मिळतो.

बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या परंपरेतील पलटणीत मराठी गाणे आपोआप चालते. तेथे झांजपथकाचीच परंपरा आहे. परंतु खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, तोफखान्यातून किंवा महार रेजिमेंटमधून आलेल्या जवानाच्या शेजारच्या खाटेवर पंजाबी, तमिळ किंवा नागा सोबती असण्याचा संभव असतो. त्याला पोवाड्याचे शब्द कळत नाहीत, पण डफाची लय आणि झीलकऱ्यांची ‘जी जी’ कोणालाही धरता येते. अशा ठिकाणी शब्दप्रधान गाण्यांऐवजी पालुपद सगळ्यांना म्हणता येईल अशी गाणी घ्यावीत आणि बदल्यात त्यांचे एखादे लोकगीत शिकावे. ते शिकताना देवनागरीत शब्द उतरवून घेतले, अर्थ विचारून शेजारी लिहिला, तर त्याच वेळेत लेखनही होते.

वरिष्ठ म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. नव्या अग्निवीराला ‘गा रे’ असे फर्मावून गाण्याची शिक्षा करू नये. ज्याला गाता येते तो दोन महिन्यांत स्वतःहून पुढे येतो.

सहावी पायरी: वहीचे काम

लेखनाला आवाजाची अडचण नाही, पण सुरक्षेची आहे. नियम लक्षात ठेवायला एकच कसोटी पुरेशी आहे: ही वही आज हरवून नको त्या हातात पडली, तर त्यातून कोणाला काय कळेल? जागेचे नाव, युनिटचे नाव, संख्याबळ, हत्यारे, गस्तीचा मार्ग व वेळ, गाड्यांचे क्रमांक, अधिकाऱ्यांची नावे, रजेवर जाण्या-येण्याच्या तारखा आणि जखमींविषयीचा तपशील यांतील काहीही वहीत येऊ नये. टोपणनावे वापरून हे सगळे लिहिणे हा शहाणपणा नाही, कारण चार पाने वाचणाऱ्याला टोपणनावे उलगडतात. गस्तीवर जाताना वही तळावरच राहिली पाहिजे.

एवढे वगळल्यावर काय उरते, असा प्रश्न पडतो. उरते ते बरेच असते. बर्फावर पहाटेचा रंग कसा बदलतो, डब्यातल्या भाजीला आईच्या हातची चव आणण्यासाठी लंगरमधला आचारी कोणता मसाला लपवून ठेवतो, घरून आलेला लाडूचा डबा किती जणांत कसा वाटला जातो, दोन भाषांचे लोक भांडतात तेव्हा शिव्या कोणत्या भाषेत देतात. चांगले लेखन बहुधा अशाच तपशिलांवर उभे राहते, आणि गंमत अशी की ज्या गोष्टी लिहायला मनाई आहे त्या साहित्याच्या दृष्टीने सहसा कंटाळवाण्याच असतात.

रोजची पद्धत अशी ठेवावी. दिवसभरात खिशातल्या वहीत फक्त शब्द टिपावेत, वाक्ये नव्हेत: ‘रॉकेलचा वास, ओले मोजे, गोरखा हसला’. संध्याकाळी ठरलेल्या जागी बसून त्यांपैकी एकाच शब्दावर सात-आठ ओळी लिहाव्यात. टिपणाला दुसरा दिवस उलटू देऊ नये, कारण तिसऱ्या दिवशी ‘गोरखा हसला’ याचा अर्थ स्वतःलाही आठवत नाही. ज्यांना पद्य जमते त्यांनी ओवी हाताळावी. साडेतीन चरणांचा तो साचा जात्यावर, म्हणजे हात कामात असताना, रचला गेला आहे आणि कागद हाती येईपर्यंत तो मनात टिकतो. मुक्तछंदातील वीस ओळी पाणी भरून परत येईपर्यंत विस्कटतात.

एखादी चकमक, अपघात किंवा सोबत्याचा मृत्यू झाल्यावर लिहावे की नाही, हा प्रश्न वेगळा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगात सहभागींनी लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटे आपल्या आयुष्यातील दुःखद अनुभवांविषयी लिहिले होते. लिहिल्यानंतर लगेच त्यांना अधिक वाईट वाटले, तर पुढच्या काही महिन्यांत आरोग्यकेंद्राकडे जाण्याचे त्यांचे प्रमाण कमी झाले. नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र आहेत आणि तो प्रयोग विद्यार्थ्यांवर झाला होता, सैनिकांवर नव्हे. म्हणून घटना ताजी असताना, विशेषतः हातात पुन्हा हत्यार घेऊन उभे राहायचे असताना, स्वतःला लिहायला भाग पाडू नये. तळावर परतल्यावर, झोप सावरल्यावर लिहावे. झोप आठवडाभर सावरलीच नाही तर वहीवर विसंबून न राहता आरएमओ डॉक्टरांशी किंवा विश्वासातल्या जेसीओ साहेबांशी बोलावे.

सातवी पायरी: पत्रे

फोन लागत नाही तिथे पत्र पोहोचते. सैन्याची टपालसेवा १ मार्च १९७२ पासून स्वतंत्र कोअर (सैन्यातील शाखा) म्हणून काम करते. तिचे प्रशिक्षण केंद्र नागपूरजवळ कामठीला आहे. ‘केअर ऑफ ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे सैनिकी टपाल कार्यालय) एवढ्याच पत्त्यावर घरचे पत्र जवानापर्यंत येते आणि त्यात त्याचे ठिकाण उघड होत नाही. लेखनाचा सराव म्हणून पत्राइतके सोपे साधन नाही, कारण वाचणारा ठरलेला असतो आणि लांबीही ठरलेली असते. महिन्याला एक पत्र आईवडिलांना आणि एक मुलांना असे धरले तरी पुरे. मुलांना लिहिताना एका पत्रात एकच गोष्ट सांगावी: याक कसा दिसतो, पाणी प्यायचे असेल तर बर्फ कसा वितळवतात. घरच्यांना ही पत्रे तारीखवार एका फाइलमध्ये ठेवायला सांगावे. वर उल्लेखलेली सुरक्षेची कसोटी पत्रांनाही तशीच लागू आहे.

आठवी पायरी: रजेवर आल्यानंतर

जवान आणि जेसीओ यांना वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. अग्निवीरांना वार्षिक रजा ३० दिवसांची आहे. या रजेतील पहिला आठवडा घरच्यांचा आणि शेतीचा. त्यानंतर रोज एक तास काढून खिशातील वही स्वच्छ प्रतीत उतरवावी. उतरवताना पुन्हा चाळणी लावावी आणि शंका येईल ती ओळ गाळावी. स्वरलेखन केलेल्या चाली गुरुजींना किंवा भजनी मंडळातील जाणत्या माणसाला दाखवून दुरुस्त करून घ्याव्यात. चुकीची नोंद पाठ होण्यापूर्वी हे होणे महत्त्वाचे आहे.

काही प्रसिद्ध करायचे मनात असेल तर सुरुवात घरच्या अंगणातून करावी. रेजिमेंटल सेंटरची आणि युनिटची नियतकालिके असतात. संरक्षण मंत्रालयाचे ‘सैनिक समाचार’ २ जानेवारी १९०९ रोजी उर्दूत ‘फौजी अखबार’ म्हणून सुरू झाले, १९५४ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले आणि मराठीसह १३ भाषांत ते निघत आले आहे. दिवाळी अंकात द्यायचे असेल तर संपादक पावसाळ्यातच मजकूर मागवतात हे ध्यानात ठेवावे. परवानगीचा अर्ज कंपनी कमांडरमार्फत वर जातो आणि त्याला किती वेळ लागेल हे आपल्या हाती नसते, म्हणून संहिता संक्रांतीच्या सुमारास तयार होऊन अर्जासोबत जोडली गेली पाहिजे. अर्जाबरोबर पूर्ण मजकूर द्यावा, सारांश देऊ नये, आणि मंजुरीनंतर एक शब्दही बदलायचा झाल्यास तो बदल पुन्हा कळवावा. मंजुरीची प्रत स्वतःजवळ जपून ठेवावी, कारण अंक निघेपर्यंत आपली बदली झालेली असू शकते आणि नव्या युनिटमध्ये ती कोणीही विचारू शकतो.